दोन सेनापती, एक आघाडी : संताजी-धनाजींच्या जोडीकडे पुन्हा पाहताना

१/ मोगलांचे घोडे पाण्याला तोंड लावत नसत, कारण त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसत, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. लोकस्मृतीने दोन माणसांची नावे अशी जोडली की त्यांचा एकच शब्द झाला. परंतु १६९७ मध्ये याच जोडीतील एकाच्या फौजेने दुसऱ्याला रानोमाळ पळायला लावले, आणि काही महिन्यांत तो मारला गेला. एकत्र उच्चारली जाणारी ही दोन नावे इतक्या लवकर एकमेकांवर का उठली, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ मागे राजाराम महाराजांच्या काळावर लिहिले तेव्हा प्रतिसादांत दोन तट पडले. एका तटाच्या मते संताजी श्रेष्ठ आणि धनाजी मत्सरी. दुसऱ्याच्या मते धनाजी समंजस आणि संताजी उद्धट. दोन्हीकडे अभिमान पुष्कळ होता, प्रश्न मात्र एकही नव्हता. मला ‘थोर कोण’ यापेक्षा वेगळे विचारायचे आहे. एकाच आघाडीला दोन सूत्रधार असणे हेच मुळात चूक असते का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते का, हे या धाग्यात मांडतो.

३/ हा प्रश्न जगात सर्वांत जास्त चघळला जातो तो बहुधा अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. त्या खेळात ‘क्वार्टरबॅक’ हा चढाईचा सूत्रधार असतो. चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. तो फेकायचा, दुसऱ्याकडे सोपवायचा की स्वतः घेऊन धावायचे, हे क्षणार्धात त्याला ठरवावे लागते. उरलेले दहा गडी त्याच्या इशाऱ्यावर हलतात. म्हणूनच ज्याच्याकडे दोन क्वार्टरबॅक आहेत त्याच्याकडे एकही नाही, असे तेथे सर्रास म्हटले जाते.

४/ तरीही अर्बन मायर या एकाच प्रशिक्षकाच्या कारकिर्दीत या समजाच्या दोन्ही बाजू दिसतात. २००६ च्या हंगामात फ्लोरिडा विद्यापीठाकडे ख्रिस लीक हा अनुभवी, चेंडू फेकण्यात तरबेज क्वार्टरबॅक होता. पहिल्या वर्षाचा, दणकट टिम टीबो मुख्यतः थोडेच अंतर कापायचे उरले असता चेंडू घेऊन घुसण्यासाठी मैदानात येई. ८ जानेवारी २००७ रोजी फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २०१५ मध्ये मायर ओहायो स्टेटकडे होते. कार्डेल जोन्स आणि जे. टी. बॅरेट हे दोघेही सिद्ध झालेले खेळाडू होते, पण दोघेही एकाच कामाचे दावेदार. अदलाबदल करूनही चढाईला सूर सापडला नाही आणि आधीच्या वर्षी मिळवलेले विजेतेपद राखता आले नाही.

५/ प्रशिक्षक तोच, सूत्रधारांची संख्याही तीच. फरक कामाच्या वाटणीत होता. एके ठिकाणी दोघांना दोन निराळी कामे होती. दुसऱ्या ठिकाणी एकच काम दोघांत वाटले होते. खेळातला हा फरक मनात ठेवून आता सतराव्या शतकाकडे वळू. येथे हरणाऱ्याला पुढचा हंगाम मिळत नसे.

६/ फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वर येथे पकडले गेले आणि ११ मार्चला त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला; येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून दक्षिणेत जिंजीला पोचले. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ज्या १२ किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांपैकी तमिळनाडूतील तो हाच किल्ला. राजा जिंजीत आणि देश सह्याद्रीत अशी स्थिती झाली. मध्ये दोनशे कोसांहून अधिक अंतर, आणि त्या अंतरात औरंगजेबाच्या फौजा.

७/ महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे ‘हुकूमतपनाह’ या अधिकाराने सोपवला गेला. शंकराजी नारायण आणि परशुराम त्रिंबक त्यांच्या जोडीला होते. लढाईच्या मैदानात दोन नावे पुढे आली. संगमेश्वरला धारातीर्थी पडलेल्या म्हाळोजी घोरपड्यांचे पुत्र संताजी, आणि सिंदखेडच्या जाधव घराण्यातील धनाजी. पुढे सेनापतिपद संताजींकडे आले. दोघांनाही किताब मिळाले : संताजींना ‘ममलकतमदार’, धनाजींना ‘जयसिंगराव’.

८/ दोघांची घडण भिन्न होती. संताजींची शिस्त कठोर. क्षुल्लक अपराधासाठीही ते हत्तीच्या पायी देत, असे खाफीखान लिहितो. तोच खाफीखान हेही नोंदवतो की त्यांच्यासमोर आलेल्या मोगल सरदाराच्या नशिबी मरण, कैद किंवा फौज गमावून पळणे, याखेरीज काही नसे. धनाजी माणसे सांभाळून घेणारे, सरदारांत मिसळणारे. एकाचा शत्रूवर धाक, दुसऱ्यावर सरदारांचा लोभ. या भेदातच भांडणाचे बीज होते, असे आपल्याला सांगितले जाते.

९/ पण मग १६९२ चे काय? त्या वर्षाच्या अखेरीस दोघेही मोठे घोडदळ घेऊन कर्नाटकात उतरले. जिंजीला झुल्फिकारखानाचा वेढा होता. शहजादा कामबक्ष आणि वजीर असदखानही छावणीत होते. संताजी कांचीच्या बाजूला गेले आणि डिसेंबरमध्ये त्यांनी तेथील फौजदार अली मर्दानखान याला पकडले. धनाजी थेट जिंजीवर आले. त्यांच्या फौजेने वेढ्याची ठाणी मोडली आणि इस्माईलखान मका हा मोगल सरदार कैद केला.

१०/ या हालचालीचा नकाशा स्वतः काढून पाहा. कांची आणि जिंजी यांत साधारण सत्तर किलोमीटरचे अंतर. एकाने वेढ्याची बाहेरून होणारी रसद आणि कुमक तोडायची, दुसऱ्याने वेढाच हलवायचा. शत्रूला एकाकडे तोंड करावे तर दुसऱ्याकडे पाठ होई. छावणीत बादशहाच्या मृत्यूची अफवा पसरली, कामबक्षावर राजाराम महाराजांशी संधान बांधल्याचा संशय आला, आणि असदखान-झुल्फिकारखानांनी खुद्द शहजाद्यालाच नजरकैदेत टाकले. जानेवारी १६९३ मध्ये मोगलांना वेढा उठवून वांदिवाशला मागे सरावे लागले.

११/ म्हणजे जोडी चालत होती, आणि अप्रतिम चालत होती. संताजींचा स्वभाव १६९२ मध्येही कठोरच होता आणि धनाजी तेव्हाही मनमिळाऊच होते. स्वभावभेद हेच भांडणाचे पुरेसे कारण असते, तर ही मोहीम कांचीलाच फसली असती. ती फसली नाही, कारण दोघांची कामे निराळी, वाटा निराळ्या आणि उद्दिष्ट मात्र एक होते.

१२/ ठिणगी केव्हा पडली ते लक्षपूर्वक पाहावे. वेढा उठला, दोघे एकाच दरबारासमोर आले, आणि १६९३ मध्येच संताजी राजाराम महाराजांशी मतभेद होऊन रागाने महाराष्ट्रात परतले. पुढे समेट झाला. संताजी पुन्हा स्वतंत्र मैदानात उतरले आणि त्यांच्या आयुष्यातील सर्वांत देदीप्यमान पर्व सुरू झाले. नोव्हेंबर १६९५ मध्ये चित्रदुर्गाजवळ दोड्डेरी येथे त्यांनी कासिमखानाची फौज कोंडली. कासिमखान तेथेच मेला. उरलेल्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. जानेवारी १६९६ मध्ये बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. दोन महिन्यांत दोन नामांकित मोगल सेनानी संपले.

१३/ हा विजेता १६९६ मध्ये पुन्हा जिंजीकडे गेला आणि पुन्हा तेच घडले, या वेळी रक्त सांडून. दरबारात संताजींविषयी नाराजी होती, धनाजींचा पक्ष प्रबळ होता. मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. धनाजींच्या बाजूच्या अमृतराव निंबाळकरांना संताजींनी हत्तीच्या पायी दिले. संताजींनी ती लढाई जिंकली, पण सेनापतिपद गमावले. ते धनाजींकडे गेले.

१४/ मार्च १६९७ मध्ये महाराष्ट्रात दोघे पुन्हा समोरासमोर आले. या वेळी संताजींचेच अनेक लोक धनाजींना मिळाले. एकाकी संताजी शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत भटकत राहिले आणि जूनच्या सुमारास म्हसवडच्या नागोजी माने यांच्याकडून मारले गेले. अमृतराव निंबाळकर हे नागोजींच्या पत्नीचे भाऊ. त्या सूडाची कथा खाफीखानाने दिली आहे. मोगल छावणीला ज्याचे नाव ऐकून धडकी भरे, त्याला मारण्यासाठी मोगलांना तलवार उचलावी लागली नाही. पुढच्या वर्षाच्या आरंभी जिंजीही पडली. राजाराम महाराज त्याआधी निसटून विशाळगडावर पोचले.

१५/ या घटनांकडे मी दोन माणसांच्या मत्सराची कथा म्हणून पाहत नाही. दोन्ही वेळा भांडण पेटले ते दोघे एकाच दरबाराच्या अंगणात, एकाच पदावर, एकाच मानमरातबावर दावा सांगत उभे असताना. आणि त्या अंगणात निर्णायक शब्द उच्चारण्याइतके बळ कोणाकडेच उरले नव्हते. राजाराम महाराज वेढ्यात होते. त्यांच्याजवळ किताब देण्याचा अधिकार होता, पण दोघांपैकी एकाच्याही फौजेचा पगार थेट चुकवता येईल असा खजिना नव्हता. रामचंद्रपंतांजवळ व्यवस्था होती, पण ते दूर होते.

१६/ शिवाय शिपाई कोणाचे होते? शिवकाळात रोख वेतनावर भर होता. राजारामकाळात खजिनाच नसल्याने सरदारांना वतने आणि सरंजाम देऊन लढाईत राखावे लागले. त्यामुळे पथके सरदारांशी बांधली गेली. सेनापती कठोर वाटला तर पथक घेऊन दुसऱ्या सेनापतीकडे जाण्याची वाट खुली होती. मार्च १६९७ मध्ये नेमके तेच झाले. या व्यवस्थेत दोन सेनापती म्हणजे नाराजांसाठी कायमचा उघडा दरवाजा.

१७/ येथे एक आक्षेप रास्त आहे. संताजी गेल्यावरही लढा चालूच राहिला. मग एकच सेनापती पुरेसा होता, असे म्हणता येणार नाही का? मला वाटते, पुढचा लढा एका सेनापतीचा राहिलाच नाही. १७०० मध्ये राजाराम महाराज गेले. ताराबाईंच्या काळात मराठा सरदार वेगवेगळ्या प्रांतांत घुसले. नेमाजी शिंदे १७०३ मध्ये नर्मदेपलीकडे गेले. वऱ्हाड-गोंडवनाचे क्षेत्र परसोजी भोसल्यांकडे आले. नागपूरकर भोसल्यांचा उगम तो हाच. दोघांत न सुटलेला प्रश्न असा प्रदेश वाटून सोडवला गेला. औरंगजेबाच्या एका प्रचंड छावणीला एवढ्या तोंडांना पुरे पडणे शक्य नव्हते.

१८/ पण प्रदेशाच्या वाटणीलाही एक दिवस किंमत मोजावी लागते : ज्या दिवशी वाटून घेतलेल्यांना एकाच मैदानावर एकत्र लढावे लागते. हा दिवस १८०३ मध्ये आला. २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत दौलतराव शिंदे आणि आमच्या नागपूरचे दुसरे रघूजी भोसले एका बाजूला होते. शिंद्यांच्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने कडवी झुंज दिली. भोसल्यांची फौज त्या लढाईत जवळजवळ उतरलीच नाही. होळकर तर माळव्यातच थांबले होते.

१९/ दोन महिन्यांनी चित्र आणखी विचित्र झाले. नोव्हेंबरमध्ये शिंद्यांच्या वकिलाने आर्थर वेलस्लीशी स्वतंत्र तहकुबी केली. तरीही २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानात शिंद्यांचे घोडदळ भोसल्यांच्या फौजेशेजारी उभेच होते. एका मैदानावर दोन धनी : एकाने युद्ध थांबवल्याचे कबूल केलेले, दुसरा लढणारा. पराभव झाला, डिसेंबरमध्ये गाविलगड गेला, आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निसटला.

२०/ गंमत अशी की असईला इंग्रजांच्याही दोन फौजा होत्या. वेलस्ली एका वाटेने आणि कर्नल स्टीव्हन्सन दुसऱ्या वाटेने येत होते. दोघांनी मिळून दुसऱ्या दिवशी हल्ला करायचे ठरले होते. शत्रू अपेक्षेआधी समोर दिसताच वेलस्लीने वाट न पाहता लढाई दिली. स्टीव्हन्सन नंतर पोचला. त्या धाडसाचे मोल इंग्रजांनी भरपूर रक्ताने चुकवले, पण अंतिम शब्द कोणाचा याविषयी त्यांच्या दोन्ही फौजांत शंका नव्हती. दोन फौजा असणे हा मराठ्यांचाच दोष असता, तर तो त्या दिवशी इंग्रजांनाही भोवला असता.

२१/ जुन्या रोमने हाच प्रश्न तिसऱ्या मार्गाने सोडवू पाहिला होता. दोन कॉन्सल एकत्र मोहिमेवर असले की एक दिवस एकाचा हुकूम, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचा. पॉलिबियसच्या वृत्तान्तानुसार इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनीच्या रणांगणावर पाउलस आणि व्हॅरो असेच आलटून-पालटून हुकूम देत होते. पाउलसला तेथे लढणे नको होते. व्हॅरोच्या पाळीच्या दिवशी लढाई झाली. हानिबालने रोमन सैन्य वेढून कापून काढले. काम न वाटता केवळ पाळ्या लावल्या की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण क्वचितच सापडेल.

२२/ थोडे घरचे. हिंगण्यात टेनिस चेंडूच्या क्रिकेट स्पर्धेत आमच्या संघाने एका वर्षी दोन कर्णधार नेमले होते. दोघेही जिवलग, दोघेही जाणकार. कोणाला दुखवायचे नाही म्हणून. फलंदाजीत काही अडले नाही. क्षेत्ररक्षणाला उभे राहिल्यावर मात्र गोलंदाज प्रत्येक षटकाआधी आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे पाहू लागला. सामना गेला आणि त्या दोघांतले बोलणेही वर्षभर बंद झाले. बाकीच्या नऊ जणांना भांडणाचे मूळ त्यांच्या स्वभावात दिसले. मीही तेव्हा तसेच म्हणत होतो. आज वाटते, दोघांना दुखवायचे टाळून आम्ही नऊ जणांनी आमचे काम त्यांच्या डोक्यावर ढकलले होते.

२३/ म्हणून माझे मत असे : संताजी-धनाजी ही जोडी करणे ही चूक नव्हती. १६८९ नंतरच्या त्या काळोखात एका सेनापतीच्या बळावर हे राज्य तगले असते असे मला वाटत नाही. चूक असेल तर ती ही, की कामे वेगळी असेतोवर जोडीचा लाभ घेतला गेला, आणि ती एकाच पदाशी येऊन थांबली तेव्हा सीमा आखणारे कोणी उरले नाही. हा दोष कोणा एकावर टाकण्याइतका सोपा नाही. वेढ्यातला राजा, रिकामा खजिना आणि सरदारांच्या मुठीतली पथके, या तिन्हींचा तो दोष होता.

२४/ ‘कोण गद्दार’ हा प्रश्न आपल्याला आवडतो, कारण त्याचे उत्तर एका नावात संपते. पण या कथेतील धनाजींनी पुढे दहा वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली, हेही त्याच पानावर लिहावे लागते. १७०७ मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी ते शाहू महाराजांकडे गेले, तेव्हा ताराबाईंच्या पक्षाने त्यांनाही तोच शब्द लावला असेल. एका माणसाला एकाच शब्दात बसवायचे ठरवले, तर मराठ्यांच्या इतिहासात निष्कलंक म्हणून कोणी शिल्लक राहणार नाही.

२५/ लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला जाताना मी पुष्कळदा या धाग्यांची टिपणे काढतो. समोर सीताबर्डीचा किल्ला दिसू लागला की आठवते, ज्या भोसल्यांना संताजींनंतरच्या काळाने मोठे केले, त्यांचेच राज्य पुढे या टेकडीच्या पायथ्याशी इंग्रजांपुढे वाकले. तुमचे मत वेगळे असेल तर अवश्य मांडा, साधनांसह मांडा. फक्त एक विनंती : ‘संताजी की धनाजी’ असे विचारण्याआधी, त्या दिवशी कोणावर कोणते काम होते आणि दोघांचे पटले नाही तर कोणाचा शब्द चालणार होता, एवढे शोधून पाहा. धागा समाप्त.